पिवळ्या तबकडीवरचा वेग

बंडखोरांना म्हातारपण येतं तेव्हा ते एकदम येत नाही. आधी त्यांची रंगीत आवृत्ती येते. 'धनुर्वात' या बँडचीही आली. एकेकाळी ज्यांच्या कार्यक्रमानंतर हॉलचा मालक फुटलेल्या खुर्च्या गोळा करत शिव्या घालायचा, त्यांचा एकुलता एक अल्बम आता पिवळ्याधमक तबकडीवर पुन्हा निघणार होता. त्यासाठी बँडमधली तिन्ही माणसं एका वातानुकूलित खोलीत बाटलीतलं पाणी पीत, सभ्यपणे बसली होती.

अल्बमचं नाव 'दोन मजल्यांच्या मध्ये'. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली एक लिफ्ट आणि तिच्यात कोंडलेली माणसं: एक विमा एजंट, घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करायला निघालेलं जोडपं, पिशवीत मासा घेऊन चाललेली मुलगी, आणि असे बरेच. प्रत्येकाचं एक गाणं. शेवटच्या गाण्यात तार तुटते. आता पंक म्हणजे तीन सूर आणि एक शिवी, त्यात सलग गोष्ट सांगायची म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात कीर्तन. पण गायक स्वतः एकदा लिफ्टमध्ये अडकला होता आणि बाहेर आला तो तत्त्वज्ञ होऊनच. बाकीच्या दोघांनी मान डोलावली, कारण त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा अल्बम काढणं सोपं होतं.

या गायकाला सगळे ओरड्या म्हणत. आता तो मोठमोठ्या कंपन्यांत जाऊन 'बंड करा, पण वेळेवर' या विषयावर व्याख्यानं द्यायचा. गिटारवाला दातांचा डॉक्टर झाला होता. पूर्वी लोकांच्या कानात ड्रिल मारायचा, आता तोंडात मारतो, एवढाच काय तो फरक. आणि तिसरा म्हणजे ड्रम वाजवणारा झपाट्या. जगातले सर्वांत वेगवान हात, असं त्याच्याबद्दल एका मासिकात छापून आलं होतं. सध्या तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि दिवसभर 'हळू, हळू, अहो हळू' म्हणायचं, हे त्याचं काम. दैवाला विनोदबुद्धी असते ती अशी.

हा झपाट्या गिटारवाल्याचा मेहुणा. म्हणजे नातं असं की गिटारवाल्यानं अल्बमची पहिली प्रत घरी नेली, ती त्याच्या धाकट्या बहिणीनं ऐकली आणि विचारलं, "दादा, हे हात कुणाचे?" पुढं त्या हातांत तिनं आपला हात दिला. इतर लोकांची लग्नं पत्रिका बघून जुळतात, यांचं तबकडी ऐकून जुळलं.

तर त्या थंडगार खोलीत तबकडी काढणाऱ्या कंपनीच्या दाढीवाल्यानं टेबलावर रंगांचे नमुने मांडले. सकाळभर रंगावर चर्चा झाली. ओरड्याला रक्ताचा लाल हवा होता. दाढीवाला म्हणाला, लाल सगळेच काढतात, आपण 'लिफ्टच्या दिव्याचा पिवळा' काढू आणि त्यावर वंगणाचे काळे शिंतोडे. गिटारवाल्यानं शंका काढली की हा पिवळा दातांवरच्या पिवळ्यासारखा दिसतो, आणि त्याला रोज तोच बघून कंटाळा आलाय. शेवटी पिवळाच ठरला. शिवाय कव्हर उघडलं की आत आणीबाणीचं लाल बटण, दाबलं की दिवा लागणार. व्यवस्थेच्या छाताडावर नाचणाऱ्यांची ही गत! झपाट्या नुसते नमुने चाचपत होता. तबकडी कुठल्याही रंगाची निघो, त्याला फक्त एवढंच हवं होतं की आपले हात पुन्हा एकदा लोकांना ऐकू यावेत. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एकाचाही विश्वास बसत नव्हता, जावईसुद्धा 'हो का, बाबा' म्हणून मोबाइलकडे वळायचा. आता तबकडीच त्यांना दाखवून देणार होती.

रंग ठरल्यावर, सगळे उठायच्या बेतात असताना, कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेली एक मुलगी म्हणाली, "आवाजाबद्दल दोन मिनिटं बोलू का?"

ही जुन्या टेप दुरुस्त करणारी. कंपनीनं कुठल्याशा गोदामातून मूळ टेप शोधून तिच्या हवाली केल्या होत्या. ती उत्साहानं सांगू लागली, "मूळ टेपमध्ये सगळ्या गाण्यांखाली विजेची बारीक गुणगुण आहे. स्टुडिओतल्या तारांची. ती गुणगुण कायम एकाच सुरात असते, त्यामुळे टेप खरी कुठल्या वेगानं रेकॉर्ड झाली ते कळतं. आणि तुम्हाला धक्का बसेल, पण तुमचा अल्बम जगानं आजवर चुकीच्या वेगानं ऐकलाय. कारखान्यातलं मशीन जोरात पळत होतं. मी खरा वेग शोधून काढलाय!"

तिघांपैकी एकालाही धक्का बसला नाही. तिघांनीही एकदम पाण्याच्या बाटल्या तोंडाला लावल्या.

कारण ही गोष्ट त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होती. अल्बम छापून आला तेव्हा त्यांनी तो पहिल्यांदा ऐकला आणि ओरड्या म्हणाला, प्लेअर बिघडलाय. मग दुसऱ्याकडच्या प्लेअरवर ऐकला, तिसऱ्याकडच्यावर ऐकला. सगळीकडे तेच. ड्रम गारांसारखे तडतडत होते आणि ओरड्याचा आवाज शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा येत होता. कारखान्यात जाऊन भांडायचं ठरलं. तेवढ्यात मासिकात परीक्षण आलं: 'असा वेग आजवर ऐकला नव्हता. हे हात माणसाचे नाहीत.' ते वाचून तिघं मूग गिळून गप्प बसले. स्तुती खरी की खोटी याची चौकशी करायला कोण जातो?

इथवर कुठलाही शहाणा माणूस वागला असता तसंच ते वागले. पुढं मात्र त्यांनी जे केलं ते या तीन गाढवांनाच सुचू शकतं. लोक तबकडी ऐकून कार्यक्रमाला येणार, म्हणजे कार्यक्रम तबकडीसारखाच झाला पाहिजे. म्हणून त्यांनी ती चूक पाठ करायला घेतली. गिटारवाल्यानं सूर वर नेण्यासाठी तारा इतक्या ताणल्या की दर कार्यक्रमात दोन तरी तुटायच्या आणि एकदा एक त्याच्या भुवईत घुसली. ओरड्या इतक्या वरच्या पट्टीत ओरडायला लागला की त्याच्या तंग विजारींबद्दल नाही नाही त्या अफवा उठल्या. आणि झपाट्या? त्याचा मामा गाद्या विकायचा. त्या दुकानाच्या मागच्या खोलीत, शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून, झपाट्या गाद्यांवर काठ्या आपटत बसायचा. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. गाद्यांचा कापूस बाहेर आला, मामानं नातं तोडायची भाषा केली. मनगटं सुजून वांगी झाली. पण एक दिवस हात त्या मशीनच्या वेगाला पोचले. खरोखर पोचले. त्यानंतर दोन वर्षं प्रत्येक कार्यक्रमात त्यानं कारखान्याची चूक जशीच्या तशी, आपल्या दोन हातांनी वाजवून दाखवली. मग डाव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली आणि बँड मोडला.

म्हणजे तबकडीवरचे हात खोटे होते, पण हात खोटे नव्हते. आता हे त्या लॅपटॉपवालीला कसं सांगायचं?

झपाट्यानं घसा खाकरला. "वेग आहे तसाच राहू दे की. लोकांना सवय झालीय."

"पण सर, चूक ती चूकच ना?"

"आम्ही स्टेजवर त्याच वेगानं वाजवायचो."

"हो?" मुलीनं भुवया उंचावल्या. "एखादं रेकॉर्डिंग आहे?"

झपाट्यानं ओरड्याकडे बघितलं. ओरड्या छताकडे बघू लागला. रेकॉर्डिंग नव्हतं आणि त्याला कारण ओरड्याच. 'कार्यक्रम टेप करणं म्हणजे क्षणाचा खून' असं त्याचं तेव्हा तत्त्व होतं. गर्दीत कुणाच्या हातात टेपरेकॉर्डर दिसला की हा स्टेजवरून उडी मारून तो फोडायचा. आज तोच माणूस आपल्या व्याख्यानांचे तुकडे दिवसातून चार वेळा लोकांच्या मोबाइलवर पाठवतो.

"रेकॉर्डिंग नाही," झपाट्या म्हणाला. "पण वाजवायचो. विचारा यांना."

गिटारवाल्यानं चष्मा पुसला. "आता इतकं आठवत नाही बुवा. जोरात वाजवायचो खरं."

आणि ओरड्या? त्यानं तेवढ्या वेळात वारा कुठून वाहतोय ते ओळखलं होतं. तो पुढं वाकून म्हणाला, "खरं सांगू? मला आतून नेहमी वाटायचं, की हा अल्बम मुळात संथ आहे. लिफ्ट अडकलीय. काळ थांबलाय. वेग कशाला?" दाढीवाल्यानं लगेच हे वाक्य लिहून घेतलं. तबकडीच्या वेष्टणावर छापायचं ठरलं: 'प्रथमच, खऱ्या वेगात'.

घरी येऊन झपाट्यानं बायकोला सगळं सांगितलं. कारखान्याची चूक, गाद्या, सगळं. इतकी वर्षं तिला हे माहीत नव्हतं. ती भाजी निवडता निवडता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे मला फसवूनच आणलं म्हणायचं! मशीनवर भाळले मी."

"अगं, पण मी नंतर तसं वाजवायचो ना. तू यायचीस की कार्यक्रमाला."

"यायचे. पण तिथं ऐकू काय यायचं? सगळी पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती, मी चप्पल शोधत होते." ती हसली. तिनं गमतीतच म्हटलं होतं, पण झपाट्याला ते लागलं. ज्या एका माणसासाठी तरी ते हात खरे असायला हवे होते, तिलाही ते मशीनचेच वाटत होते. त्याला रडू आलं नाही, रागही आला नाही. लाज वाटली, आणि कशाची ते काही केल्या कळेना.

दुरुस्त केलेला अल्बम आला. गिटारवाल्याच्या दवाखान्यात, रुग्णांच्या खुर्चीवर आळीपाळीनं बसून तिघांनी तो ऐकला. ओरड्याचा आवाज जाड, झोपाळू. जणू सर्दी झालेला मुख्याध्यापक सूचना वाचतोय. गिटार समजूतदार. आणि ड्रम... झपाट्यानं डोळे मिटले. एक सरळमार्गी पोरगा, ताल न चुकवता, सांभाळून वाजवत होता. वाईट नव्हता, पण गाडी चालवायला शिकणाऱ्याइतपतच.

प्रकाशनाच्या दिवशी तिघांनी एक गाणं वाजवायचं, अशी दाढीवाल्यानं कल्पना काढली. तार तुटण्याचं, शेवटचं. झपाट्यानं त्या लॅपटॉपवाल्या मुलीला फोन करून एकच गोष्ट विचारली, "हे रेकॉर्ड होणार ना?"

"अर्थात, काका. प्रत्येक ड्रमला वेगळा माइक लावतेय." सर म्हणता म्हणता ती काकांवर आली होती, पण त्या क्षणी झपाट्याला तिनं आजोबा म्हटलं असतं तरी चाललं असतं.

त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. गादी आता घरातलीच होती. बायको बाजारात गेली की तो गादीवर काठ्या आपटत बसायचा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, सिग्नलला थांबल्यावर, मांडीवर बोटं चालायची. एका शिकाऊ बाईंनी घाबरून विचारलं, "सर, माझं काही चुकतंय का?" तो म्हणाला, "नाही हो, तुमचं बरोबर आहे. असंच हळू चला." तालमीला मात्र तो ओरड्या सांगेल तसा, कान पाडून, संथ वाजवत राहिला. ओरड्यानं त्याची पाठ थोपटली. "बघ, वय वाढलं की माणसाला ठहराव येतो."

प्रकाशनाला गर्दी झाली. जुने चाहते आले होते, पोटं सावरत. त्यांनी कपाटातून काढलेली काळी जाकिटं आता पुढून बंद होत नव्हती. तबकड्यांची पिवळी चळत मांडली होती. लोक एकेक तबकडी हातात घेऊन उजेडात धरत होते, वास घेत होते, बटण दाबून दिवा लावत होते. ऐकायला मागत मात्र कुणी नव्हतं. एकानं तर सांगितलं, मी दोन घेतल्या, एक न उघडता ठेवायला आणि दुसरीही न उघडताच. ओरड्यानं संथपणाचं महत्त्व या विषयावर लांबलचक भाषण केलं. मग तिघं आपापल्या जागी गेले.

झपाट्यानं काठ्या एकमेकींवर आपटल्या. एक, दोन, तीन, चार. त्या चारांतच गिटारवाल्याचा चेहरा पांढरा पडला.

झपाट्या सुटला. मशीनच्या वेगानं, गाद्यांच्या खोलीतल्या वेगानं. गिटारवाला दोन ओळी कसाबसा मागून धावला आणि मग तारांवर हात ठेवून उभा राहिला. ओरड्या गाणं सोडून माइक प्रेक्षकांकडे धरू लागला, जणू हे ठरलेलंच होतं. झपाट्याला दोघांचीही गरज नव्हती. डाव्या मनगटातून कळ थेट खांद्यापर्यंत जात होती आणि तो मनातल्या मनात तिला 'ये, ये' म्हणत होता. इतक्या वर्षांनी तो खूश होता. साध्या, उघड्या, लहान मुलासारख्या खुशीनं त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. पुढच्या रांगेत बायको उभी राहिलेली त्याला दिसली. गाण्यात तार तुटते तिथं शेवटचा तडाखा त्यानं दिला, आणि काठी हातातून गळून पडली.

मग टाळ्या पडल्या. लग्नात लांबलेल्या भाषणाला पडतात तशा.

"जबरदस्त एनर्जी!" दाढीवाला म्हणाला. "जरा घाई झाली, पण एनर्जी!"

दुसऱ्या दिवशी परीक्षण आलं. 'नव्या आवृत्तीत प्रथमच कळतं की हा बँड किती संयमी होता. दुर्दैवानं प्रत्यक्ष कार्यक्रमात ड्रमवादकाला मूळ ठेका पेलला नाही. वयोमानानुसार लय हातातून सुटते, हे समजण्यासारखं आहे.'

बायकोनं ते वाचलं आणि घडी करून वर्तमानपत्र भाजीच्या टोपलीखाली घातलं. मग तिनं त्याचा हात ओढून मांडीवर घेतला. मनगट सुजलं होतं. ती बराच वेळ ते निरखत राहिली.

"आपलं लग्न ठरलं तेव्हा असंच होतं हे," ती म्हणाली. "मी दादाला विचारलं होतं. तो म्हणाला, दारात चेमटलंय."

"दारात नाही."

"ते कळलं आता." तिनं मलम लावायला घेतलं. "काल मी ऐकलं. चप्पल पायातच होती."

झपाट्याला वाटलं, झालं, आपलं काम झालं. आणि शिवाय तो आवाज आता कायमचा साठवून ठेवलेला होता. प्रत्येक ड्रमला वेगळा माइक. जावई ऐकेल, ड्रायव्हिंग स्कूलमधले ऐकतील, ते परीक्षण लिहिणारं दीडशहाणं गाढवही ऐकेल.

दुपारी त्या मुलीचा फोन आला. "काका, कालचं गाणं आम्ही पुढच्या आवृत्तीत घेतोय. हिरवी तबकडी निघणार आहे. परीक्षण वाचून वाईट वाटून घेऊ नका हं. वेग मी दुरुस्त करतेय. आता सूर न बदलता वेग कमी करता येतो, कुणाला कळणारही नाही. गिटार आणि गाणं आम्ही वरून भरून घेऊ."

"नको!" झपाट्या जवळजवळ ओरडला. "अगं, तोच वेग आहे. मी मुद्दाम वाजवलंय ते. हात लावू नकोस त्याला."

मग आवाजात खूप माया आणून, आपण आजारी माणसाशी बोलतो तशी, ती म्हणाली, "काका, बाकीच्या दोघांनी होकार दिलाय. आणि खरंच सांगते, तुम्ही कुठंही चुकलेला नाहीत. फक्त जोरात गेलात. ते माझ्यावर सोडा."

आठवड्याभरानं ते दुरुस्त होऊन आलं. दवाखान्यात गिटारवाल्यानं ते लावलं. तो सरळमार्गी पोरगा परत आला होता. ताल न चुकवता, सांभाळून, एकेक ठोका जागच्या जागी ठेवत वाजवत होता. गिटारवाला शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत राहिला, आणि मग त्यानं झपाट्याच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला.

"हां," तो म्हणाला, "आता कसं तू वाजवल्यासारखं वाटतंय."